वडिलांच्या आरएक्स १०० ची जोडणी: हँडल एका जागी अडकतंय, काय चुकलं असेल?

उसाचा_पाला

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वडिलांची १९९४ ची यामाहा आरएक्स १००. ते साखर कारखान्यात चिटबॉय (शेतोशेती जाऊन उसाच्या नोंदी ठेवणारे) होते, त्यामुळे या गाडीने डांबरापेक्षा पाणंदी जास्त बघितल्यात. गेली नऊ वर्षं ती गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याखाली उभी होती. दिवाळीत बाहेर काढली. इंजिन मिस्त्रीकडे दिलं, कारण क्रँक आणि बोअर हा माझा प्रांत नव्हे. चेसिस, चिमटा (मागचं चाक धरणारा), स्टँड आणि दोन्ही टी (पुढच्या शॉकअपचे पाइप धरणाऱ्या, एक वरची, एक खालची) सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला टाकले. बाकीची जोडणी मी घरीच करणार, असं घरात जाहीर करून बसलोय.

पोर्चमध्ये पोतं अंथरून चेसिस दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. नवा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, म्हणजे वाट्या आणि छर्रे, पोलादी गोळ्या) आणला, वाट्या ठोकल्या, ग्रीस भरलं, छर्रे लावले, खालची टी घातली, वरून रिंग नट आवळला. इथपर्यंत दोन तास लागले आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मग पाइप आणि चाक लावून पुढचा भाग हवेत ठेवला आणि हँडल फिरवलं. डावीकडे छान जातं. सरळच्या जरासं उजवीकडे आलं की जड होतं, खट्ट करतं आणि पुढे जातं. रिंग नट सैल केला की पाइप पुढेमागे खडखडतात, आवळला की हँडल जात्यासारखं फिरतं. मधलं काही सापडतच नाही. सांगलीत दोन गॅरेजवाल्यांना विचारलं. दोघेही म्हणाले, "गाडी घेऊन या, बघतो." एकच चाक असलेली अर्धी चेसिस रिक्षात घालून नेऊ का?

चकलीभाजणी

गाडीतलं मला काही कळत नाही, पण वाचतेय. "घरीच करणार असं जाहीर करून बसलोय" हे वाक्य आमच्या घरी २०१७ पासून बाथरूमच्या नळाबद्दल ऐकतेय.

दोन_सूत

एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, आता घरी मोकळाच आहे, म्हणून लिहितो.

आधी तीन प्रश्न. पावडर कोटिंगवाल्याने चेसिसच्या डोक्याच्या नळीला (जिच्यात वाट्या बसतात) दोन्ही बाजूंनी बूच मारलं होतं का? वाट्या कशाने ठोकल्या? आणि खट्ट होतं ते नेमकं एकाच जागी होतं, की दर वेळी जागा बदलते?

कोकणवळण

हँडलचं फिटरसाहेब सांगतीलच, मी दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहितो. चेसिस नंबर बघून घ्या. आरएक्सचा नंबर हँडलखाली डोक्याच्या नळीवरच ठोकलेला असतो. माझ्या गाडीला जाड कोट बसला आणि नंबरातले दोन आकडे पार बुजले. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तेव्हा आरटीओत आधी चेसिस नंबर बघतात, कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतात. माझा ठसा म्हणजे धुक्यातला घाट. शेवटी पेंट रिमूव्हर कापसावर घेऊन तेवढाच पट्टा साफ केला आणि वर क्लिअर लॅकरचा पातळ हात दिला. तिथे पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चुकूनही लावू नका. आकडे घासलेले दिसले की तुम्ही चोर ठरलात म्हणून समजा.

आणखी एक. अर्थची वायर जिथे बसते तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा. नाही केलंत तर हॉर्न, इंडिकेटर काहीच चालणार नाही आणि तुम्ही चार दिवस वायरिंग उसवत बसाल. (मी बसलो होतो.)

उसाचा_पाला

@दोन_सूत, काका, बूच मारलं नव्हतं. आज खोलल्यावर कळलं. नळीत आतपर्यंत काळा चकचकीत कोट आहे. मी त्यावरच वाट्या ठोकल्या, त्याही थेट हातोडीने. अडकतं ते नेमकं एकाच जागी.

@कोकणवळण, नंबर वाचता येतोय, पण पुसट. तुमची कापसाची युक्ती करतो.

दोन_सूत

मग खोललंत ते बरं केलंत. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो, म्हणजे जवळपास वहीच्या कागदाएवढा. वाटी ज्या खांद्यावर टेकते तिथे एका बाजूला रंग असला आणि दुसऱ्या बाजूला ठोकताना उडाला, तर वाटी तिरपी बसते. वाटी तिरपी म्हणजे छर्ऱ्यांची वाटही तिरपी. मग हँडल एका बाजूला मोकळं आणि दुसऱ्या बाजूला जड होणारच.

आता असं करा. वाट्या आतून लांब पंचने बाहेर काढा. एक टोला डावीकडे, एक उजवीकडे, एकाच बाजूने रेटू नका. नळीतला आणि खांद्यावरचा रंग पूर्ण काढा, लोखंड दिसलं पाहिजे. वाट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बसवायच्या आधी चेसिसचं डोकं हेअर ड्रायरने कोमट करा. जुनी वाटी नव्या वाटीवर उलटी ठेवा आणि टोला तिच्यावर द्या, नव्या वाटीला हातोडी लागू देऊ नका. आवाजाकडे कान ठेवा. वाटी खाली सरकत असते तोवर आवाज बद्द येतो. ती खांद्याला टेकली की आख्खी चेसिस टण्ण करते. त्यानंतर एकही टोला नको.

चकलीभाजणी

फ्रीजर आणि हेअर ड्रायर. धागाकर्त्यांच्या सौ. हा धागा वाचतात का?

उसाचा_पाला

वाचत नाहीत, त्यामुळे घरात अजून शांतता आहे. वाट्या मटारच्या पाकिटाशेजारी रात्रभर होत्या.

काकांनी सांगितलेला आवाज खरोखर येतो! खालच्या वाटीला पाच टोले बद्द, सहावा टण्ण. अंगावर काटा आला. वरची चौथ्याला बसली.

पण वाईट बातमी अशी की सगळं परत जोडलं आणि हँडल अजूनही अडकतंय. आधीपेक्षा कमी, पण अडकतंय. आता माझी अक्कल संपली.

दोन_सूत

छर्रे किती घातले?

उसाचा_पाला

पुडीत होते तेवढे. वरचे लहान, खालचे मोठे, ते बरोबर लावलेत.

दोन_सूत

मी किती विचारलं. परत खोला, खाली परात धरा आणि मोजा.

उसाचा_पाला

शरमेने लिहितोय.

संध्याकाळी परात मांडीवर घेऊन बसलो आणि खालची टी हळूच खाली सोडली. ग्रीसने माखलेले छर्रे टपटप परातीत पडले. लेक सातवीत आहे. तिने ते रॉकेलमध्ये धुतले आणि पोह्याच्या ताटलीत पाच-पाचचे ढीग लावले. वरचे २२. खालचे २०. पुडीवर लिहिलेलं होतं २२ आणि १९.

विसावा कुठून आला, ते मला खोलतानाच आठवलं. खालचे १९ लावून झाल्यावर वर्तुळात एक छोटी फट दिसत होती. मला वाटलं, दुकानदाराने एक कमी दिला. जुन्यातला एक बरा दिसला तो फटीत दाबला. पूर्ण बसला नाही, पण वर ग्रीस थापल्यावर दिसेनासा झाला. म्हणजे हा शहाणा गडी दोन शेजाऱ्यांच्या डोक्यावर अर्धवट चढून बसला होता आणि मी वरून रिंग नट आवळत होतो.

नव्या वाटीत त्या जागी नखाला लागेल असा खड्डा पडलाय. कोनसेट गेला. आठ दिवस वापरला, तोही चाक हवेत ठेवून.

दोन_सूत

असू दे. हे शिक्षण साडेतीनशे-चारशे रुपयांत झालं, स्वस्तात पडलं.

ती फट ठेवायचीच असते. छर्रे एकमेकांना चिकटून उभे राहिले तर फिरणार कसे? एका छर्ऱ्याला थोडी कमी पडेल एवढी जागा मोकळी राहिली की समजावं, संख्या बरोबर आहे. वरचे दीड सुती, खालचे दोन सुती, म्हणजे पाव इंची. आणि जुन्या छर्ऱ्यात नवा मिसळायचा नाही, नव्यात जुनाही नाही. केसभर मोठा असलेला एकटाच सगळं वजन झेलतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात. (ऑफिसातही असंच असतं, पण तो वेगळा धागा.)

लीड्सवाला

उशिरा पोचलो. इकडे मी जुन्या होंडावर असाच खेळ मांडलाय. सुचवावंसं वाटतं की कोनसेट गेलाच आहे, तर टेपर रोलर बेअरिंग टाकून मोकळे व्हा. छर्रा एका बिंदूवर टेकतो, रोलर आख्ख्या रेषेवर टेकतो, त्यामुळे खड्डे पडत नाहीत आणि मोजामोजीही नाही. इकडे तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी तपासणी करून घ्यावी लागते. त्यात पुढचं चाक उचलून हँडल अडकतंय का, डोक्यात खेळ आहे का, चिमटा डुलतोय का, हे सगळं हाताने बघतात. अडकलं की नापास. म्हणून इथे बरेच जण रोलरच टाकतात.

दोन_सूत

@लीड्सवाला, मुद्दा बरोबर आहे. जड गाडी असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण शंभर सीसीच्या हलक्या गाडीला मी छर्रेच ठेवीन. रोलरची उंची वेगळी पडते, मग रिंग नटाला आटे पुरतात की नाही बघा, खाली वायसर घाला, धूळ अडवायचं सील जमवा. शिवाय रोलर जरा जास्त आवळला गेला तर हँडल सुस्त होतं, आणि हलकी गाडी कमी वेगात नागमोडी चालायला लागते.

छर्ऱ्यांच्या वाटीत खड्डे पडतात ते छर्ऱ्यांच्या दोषाने नव्हे. गाडी सरळ चालते तेव्हा हँडल जेमतेम दोन-चार अंश हलतं. छर्रे जागचे हलत नाहीत आणि रस्त्याचा प्रत्येक दणका त्याच त्या जागी बसतो. तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि लोखंडावर लोखंड कुटलं जातं. उखळात होतं तसं. म्हणून जुन्या गाडीचं हँडल नेहमी बरोबर सरळ असतानाच खट्ट करतं. धागाकर्त्याचं खट्ट बरोबर सरळ असताना नाही, जरा उजवीकडे होतं, तेव्हाच मला वाटलं होतं की हा झिजेचा दोष नाही, बसवण्याचा आहे.

लीड्सवाला

हे पटलं. "सरळ असताना की बाजूला" हा फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता. दंडवत.

दहाबारापाना

माझ्या पॅशनलाही सरळच असताना खट्ट होतं! म्हणजे उखळ. उद्याच कोनसेट आणतो.

धागाकर्ते, चिमटा बसवताना मागच्या ब्रेकची टाय पट्टी (ब्रेक प्लेटला चाकाबरोबर फिरू न देणारी) विसरू नका. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः चाक काढलं आणि पट्टीच्या बोल्टला स्प्लिट पिन घातली नाही, "नंतर घालू" म्हणून. नट कुठेतरी गळून पडला. भुईंज जवळ ब्रेक मारला आणि ब्रेक प्लेट चाकाबरोबर गरकन फिरली, रॉड वाकला, मागचं चाक जाम. वेग वीसचा होता म्हणून आज इथे टंकतोय.

दोन_सूत

पुढेही तोच प्रकार आहे, म्हणून ठळक लिहितो. ड्रम ब्रेकच्या पुढच्या प्लेटला एक खाच असते आणि शॉकअपच्या बॉटमला (खालच्या नळकांड्याला) एक उंचवटा. चाक चढवताना तो उंचवटा खाचेत बसलाच पाहिजे. बाहेर राहिला तर एक्सल आवळता येतो, चाक फिरतं, सगळं ठीक वाटतं. पहिल्या जोराच्या ब्रेकला प्लेट फिरते, केबल तुटते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. खाली वाकून बॅटरी मारून बघा. हाताने चाचपून बघा.

उसाचा_पाला

रविवारचा हिशोब.

दुसरा कोनसेट आणला. या वेळी लेकीने मोजून एकेक छर्रा दिला आणि मी ग्रीसमध्ये बसवला. फट दिसली तेव्हा दोघंही हसलो. रिंग नट काकांनी फोनवर सांगितला तसा केला: आधी चांगला घट्ट, मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ वेळा, म्हणजे छर्रे आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल आणि पुन्हा हलक्या हाताने, नुसता खेळ जाईपर्यंत. वरची टी लावून मधला मोठा नट आवळला तर हँडल परत थोडं जड झालं! वरचा नट खालच्यालाही दाबतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे रिंग नट पाव फेरीहून कमी सैल केला, वरचा आवळला, बघितलं, परत केलं. चार वेळा.

शेवटी केबल आणि वायरी न जोडता बघितलं. चाक हवेत, हँडल सरळ धरलं आणि बोटाने जरासं ढकललं. ते आपल्या वजनाने हळूहळू वळत गेलं आणि टोकाला जाऊन टेकलं. दोन्ही बाजूंना सारखंच. मग जमिनीवर बसून दोन्ही बॉटम हातात धरून पुढेमागे हिसके दिले. खडखड नाही. हे मी किमान वीस वेळा करून बघितलं असेल.

शॉकअपचे पाइप सरळ आहेत का ते स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर घरंगळवून पाहिलं. एक लोण्यासारखा गेला. दुसरा जाताना ठुमकत गेला आणि मधे खालून उजेड दिसला. तो बदलला. नवीन ऑइल सील घालताना पाइपच्या धारेने सीलची ओठी फाटते, म्हणून पाइपच्या टोकावर दुधाची पिशवी चढवली, तेलाचा हात दिला आणि सील वरून सरकवला. खाली बसवायला पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरला. तेल मॅन्युअलच्या मापाने, दोन्ही पायांत इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून सारखं. (ओट्याचं प्रकरण घरात कळलंय. शांतता संपली.)

चाक चढवल्यावर हँडल सरळ आणि चाक तिरकं दिसायला लागलं. क्षणभर वाटलं, चेसिसच वाकडी. पण खालच्या टीचे बोल्ट आणि एक्सल सैल करून चाक गुडघ्यांत धरलं, हँडल सरळ केलं, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप पाच-सहा वेळा दाबला आणि मग आवळलं. सरळ झालं. खाचेत उंचवटा बसलाय. बॅटरी मारून, बोट घालून, लेकीलाही दाखवून खात्री केली.

कोकणवळण

मस्त! मागच्या चाकाचं अलाइनमेंट कसं केलंत? चिमट्यावरच्या खुणांवर विसंबू नका, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असतीलच असं नाही. दोरी लावा.

उसाचा_पाला

दोरीच लावली. गवंड्याची ओळंब्याची दोरी. मागच्या टायरला मागून वेढा देऊन दोन्ही टोकं पुढच्या चाकापर्यंत ताणली आणि दोन्ही बाजूंची फट पट्टीने मोजली. खुणांप्रमाणे ठेवलं असतं तर चाक चार मिलिमीटर डावीकडे गेलं असतं. चिमट्याचे बुश नवे घातले, हिसका देऊन बघितला, कडेला जरासुद्धा डुलत नाही. मागच्या दोन्ही शॉकअपची खालची खाच एकाच पायरीवर ठेवली, सर्वांत मऊ. टाय पट्टीला स्प्लिट पिन घातलीय @दहाबारापाना, दोन्ही टांगा वाकवून.

दहाबारापाना

❤

दोन_सूत

छान. आता एक जपा. नव्या वाट्या पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये अजून जरा बसतात. तेव्हा चाक उचलून परत हिसका देऊन बघायचं. खेळ आला असला तर रिंग नट किंचित.

उसाचा_पाला

तीन आठवड्यांनी वर काढतोय.

मिस्त्रीकडून इंजिन आलं, बसलं, दुसऱ्या किकला चालू झालं. पोर्चभर निळा धूर आणि तो आवाज. शेजारचे काका दार उघडून बाहेर आले ते तक्रार करायला नाही, बघायला.

पहिली फेरी पटांगणात वीसच्या वेगाने, मग तीस, मग रस्त्यावर पन्नास. हँडल हातात असल्यासारखं वाटतच नाही. २८० किलोमीटरनंतर काकांच्या सांगण्याप्रमाणे चाक उचललं. अगदी बारीक खेळ आला होता, नट जेमतेम हलवून गेला.

काल वडिलांना बसवलं. ७६ वय. त्यांनी गाडी चालू केली नाही, आधी मेन स्टँडवर ठेवून हँडल इकडेतिकडे फिरवलं. दोनदा. मग म्हणाले, "लई सैल झालंय की रे. माझ्या वक्ताला असं नव्हतं."

दोन_सूत

त्यांना सांगा, तुमच्या वेळी आत ग्रीस नव्हतं, पाणंदीची माती होती.

चकलीभाजणी

हा धागा वाचून आमच्याकडे काल मुलाच्या सायकलचं हँडल खोललंय. छर्रे फरशीवर सांडलेत, सात सापडलेत. एकूण किती असतात?

दोन_सूत

सायकलीसायकलीत फरक असतो. सगळे गोळा करा, वर्तुळात लावून बघा, फट राहिली तर भरू नका. आणि पुढच्या वेळी आधी परात.